शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं आणि मोजून आठच पदार्थ खाणारं मूल: घरी काय करायचं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. उत्तर लांब होणार आहे, कारण तुमच्या घरात दोन वेगळ्या अडचणी एकमेकींत गुंतल्यात. बाकीच्यांना कळावं म्हणून आधी तुमचंच थोडक्यात लिहिते. मुलगा साडेचार वर्षांचा, वजन १४ किलो. दोन वर्षांचा असताना चिक्कीचा तुकडा खाल्ला, दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, दोन उलट्या झाल्या, आवाज बसला, हॉस्पिटलला पळवावं लागलं. दाणे तेव्हापासून बंद. मागच्या वर्षी ओळखीतल्या कुणीतरी शंभर पदार्थांची रक्ततपासणी करायला लावली, तिच्यात दूध, अंडं, केळं, तूरडाळ असे बरेच पदार्थ लाल रंगात आले म्हणून तेही बंद. आता तो भात, पोळी, मुगाचं वरण, बटाट्याच्या काचऱ्या, मुरमुरे, सफरचंद, गूळ आणि एकाच प्रकारची बिस्किटं एवढंच खातो. सासूबाई मोबाईल लावून भरवतात, तो घास गालात धरून बसतो. तुम्ही विचारलंय की जबरदस्ती करायची का उपाशी ठेवायचं, आणि 'थोडा थोडा दाणा दिला की अंगवळणी पडेल' हे खरं आहे का.

शेवटचं आधी घेते कारण ते धोक्याचं आहे. नाही, घरी अजिबात नाही, कुटाची चिमूटसुद्धा नाही. हे कुठून येतं ते मला माहितीये, २०१५ साली लंडनचा एक मोठा अभ्यास आला होता, ६४० बाळांचा, त्यात ज्यांना धोका जास्त होता अशा ४ ते ११ महिन्यांच्या बाळांना नियमित शेंगदाणा खाऊ घातला तर पाचव्या वर्षापर्यंत ॲलर्जी होण्याचं प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास कमी झालं. पण ती ॲलर्जी व्हायच्या आधीची गोष्ट. ज्या मुलाला एकदा ओठ सुजून उलट्या झाल्यात आणि आवाज बसलाय त्याला तो हिशोब लागू होत नाही. मिलिग्राममध्ये मोजून, वाढवत वाढवत देण्याची उपचारपद्धत आहे, पण तिचा पहिला डोस आणि वाढवलेला प्रत्येक डोस हॉस्पिटलमध्ये, डॉक्टरांसमोर, इंजेक्शन तयार ठेवून देतात. पुढे धाकटं बाळ झालं तर मात्र सहाव्या महिन्याच्या आधीच डॉक्टरांना विचारा की ह्याला दाणे कधी आणि कसे सुरू करायचे. अख्खा दाणा मात्र कुठल्याच लहान मुलाला पाच वर्षांपर्यंत देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो.

आता मुख्य गोष्ट. मी गेली बावीस वर्षं लहान मुलांच्या खाण्यावर काम करते आणि ॲलर्जीवाल्या घरी पहिल्या भेटीत मी एकच सांगते, ह्या मुलाचं 'नको' ऐकायची घराला सवय लावा. कारण रिॲक्शनची सुरुवात बऱ्याचदा तोंडातच होते, जिभेला खाज, टाळ्याला मुंग्या, घशात काहीतरी अडकल्यासारखं, आणि चार वर्षांचं मूल ते 'मला घशात खाजतंय' असं सांगत नाही, ते तोंड फिरवतं, घास थुंकतं, 'नको' म्हणतं. ज्या घरात रोज तीन वेळा 'नको'वर 'एवढा एकच घास' असं उत्तर मिळतं तिथे ते खरं 'नको' कुणाच्या लक्षात यायचं? आणि डोळे मोबाईलवर असले की मुलाला स्वतःलाच आपल्या तोंडात काय चाललंय ते कळत नाही. म्हणून त्याला शब्द शिकवा. जीभ खाजते, घशात टोचतं, पोटात मुरडतं, श्वास लागतो. खेळता खेळता शिकवा, आणि हे म्हटल्यावर कुणीही रागावणार नाही हे त्याला पक्कं माहीत पाहिजे.

जबरदस्तीचं उत्तर ह्यातच आलं. उपाशी ठेवण्याबद्दलही सांगते. 'भूक लागली की आपोआप खाईल' हे जे मूल फक्त नखरे करतंय त्याच्या बाबतीत बरंचसं खरं असतं, पण ज्या मुलाचे पदार्थ इतके आकसलेत ते मूल भूक असूनही खात नाही, आणि १४ किलोच्या मुलावर हा प्रयोग करायचा नसतो.

दोन ते सहा वर्षांत नवीन पदार्थाला नाक मुरडणं हे वाढीतच येतं, बहुतेक मुलं त्यातून बाहेर पडतात. पण पदार्थ वीसच्या आत आलेत, जे खायचा तेही एकेक करून सोडतोय, एखादा अख्खा गटच ताटात नाही, वाढीच्या तक्त्यावरची वजनाची रेघ खाली सरकतेय असं असेल तर त्याला वेगळं नाव आहे, एआरएफआयडी, म्हणजे खाणं टाळण्याचा किंवा फार मोजकंच खाण्याचा विकार, २०१३ पासून मानसोपचाराच्या वर्गीकरणात हे निदान आलंय. त्याची ढोबळ तीन कारणं दिसतात, वास-स्पर्श-चव सहन न होणं, भूकच कमी असणं, आणि पूर्वी झालेल्या त्रासाची भीती. तुमच्या मुलाला त्या चिक्कीचं आठवत नसेलही, पण तुम्हा सगळ्यांच्या चेहऱ्यावरची भीती तो गेली अडीच वर्षं जेवताना बघतोय. निदान मी इथून करणार नाही, पण बालरोगतज्ज्ञांकडे हा विषय ह्याच नावाने काढा.

तपासणीबद्दल. तुम्ही रिपोर्टचं नाव लिहिलेलं नाही पण शंभर पदार्थ, लाल-पिवळा-हिरवा तक्ता म्हटल्यावर ती आयजीजी तपासणी असण्याची शक्यता फार. आयजीजी म्हणजे शरीराने तो पदार्थ पाहिलाय एवढीच नोंद, जे रोज खातो ते त्यात वर येणारच. ॲलर्जीच्या तज्ज्ञांच्या संघटना जगभर सांगतात की ही तपासणी ॲलर्जी ठरवायला वापरू नका. खरी तपासणी म्हणजे त्वचेवर टोचून करतात ती, किंवा रक्तातली त्या विशिष्ट पदार्थाची आयजीई, म्हणजे ॲलर्जीत वाढणारी अँटीबॉडी, आणि तीही एकटी पुरत नाही, कारण आयजीई वर असूनही पदार्थ आरामात खाणारी मुलं असतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खाल्ल्यावर काय झालं आणि किती वेळात झालं. शेंगदाण्यासारखी ॲलर्जी मिनिटांत दिसते, जास्तीत जास्त दोन तासांत. कालच्या केळ्याने आज सर्दी झाली हे ह्यात बसत नाही.

आता बघा, तुम्हीच लिहिलंय की तीन वर्षांचा होईपर्यंत तो दूध-दही-पनीर खायचा आणि काही व्हायचं नाही. आणि जी बिस्किटं तो रोज खातो त्याचं पाकीट उलटं करून वाचा, बहुतेक बिस्किटांत दुधाची पावडर असते. म्हणजे तो आजही दूध खात असण्याची शक्यता आहे. पण हे वाचून आज रात्री ग्लासभर दूध देऊ नका, कारण भाजलेल्या पदार्थातलं दूध चालतं पण साधं चालत नाही अशी मुलं असतात, शिवाय चालणारा पदार्थ खूप दिवस बंद ठेवला तर तो चालेनासा होऊ शकतो, खासकरून ज्या मुलांना एक्झिमा, म्हणजे त्वचा कोरडी पडून खाजण्याचा आजार आहे त्यांच्यात. पाकिटाचा फोटो आणि जुना रिपोर्ट घेऊन ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे जा आणि एकच मागणी ठेवा, ह्यातलं काय काय परत सुरू करता येईल. लागलं तर ते हॉस्पिटलमध्ये समोर बसवून खायला देऊन बघतात.

दूध खरोखरच बंद ठेवायचं निघालं तर तीन गैरसमज आधीच काढते. 'दूध नको पण दही-ताक हलकं असतं' हे दूध पचत नसेल तिथे ठीक, दुधाची ॲलर्जी असेल तिथे नाही. शेळीचं आणि म्हशीचं दूधही चालत नाही, त्यातली प्रथिनं गाईच्या दुधाशी इतकी मिळतीजुळती असतात की बहुतेकांना तशीच रिॲक्शन येते. आणि साजूक तुपातही दुधाचा थोडा अंश राहतो.

तूरडाळीबद्दल लोक म्हणतात दाणे पण शेंगवर्गातले, मग डाळी बंद करा. नाही. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली बहुतेक मुलं तूर, मूग, मसूर छान खातात, हरभऱ्याची वेगळी ॲलर्जी आपल्याकडे दिसते, पण ती ज्याची त्याची तपासावी लागते. शाकाहारी घरात डाळ काढली तर प्रथिनं आणायची कुठून?

स्वयंपाकघराकडे येऊ. महाराष्ट्रातल्या घरात दाणे बंद करणं म्हणजे काय हे बाहेरच्या पुस्तकांत सापडत नाही. कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, ठेच्यात दाणे, लसणाच्या चटणीत दाणे, चतुर्थीला खिचडी, आणि कुठल्या ना कुठल्या उपवासाला दाण्याची आमटी. एका घरी मी गेले होते, पुण्यातच, मुलीला पाच-सहा वेळा रात्रीच्या जेवणानंतर ओठाभोवती लाल चट्टे यायचे, दाणे घरात वेगळ्या डब्यात, आई फार काळजी घेणारी, आणि सगळ्यांचा संशय वांग्यावर. मी ओट्याजवळ नुसती उभी राहून स्वयंपाक बघितला. आजींनी डाळीच्या फोडणीसाठी आलं-लसूण ठेचायला खलबत्ता घेतला, दगडी, जुना, आतून खडबडीत. सकाळी त्याच्यातच ठेचा झाला होता. नळाखाली धरून विसळला, हाताने पुसला, आणि आलं टाकलं. मी बोटाने तळ खरवडला तर नखात पांढरट पीठ आलं. दगडाच्या खाचांमध्ये दाण्याचं तेलकट पीठ बसतं आणि ते नुसत्या पाण्याने निघत नाही. त्या दिवशी त्यांनी मुलीसाठी छोटा स्टीलचा खलबत्ता आणला, चट्टे बंद झाले, आणि वांगी परत सुरू झाली.

तर माझा आग्रह असा की रिॲक्शन इतकी जोरात आली असेल तर घरातून दाणे पूर्णच काढा, निदान तो स्वतः वाचायला आणि नाही म्हणायला शिकेपर्यंत. वेगळा डबा, वेगळा चमचा हे घाईच्या सकाळी पाळलं जात नाही. मिक्सरचं चटणीचं भांडं, त्याच्या झाकणाची रबरी रिंग, लाकडी पोळपाट, पळी ह्या जागा बघा. हात साबणाने आणि पाण्याने धुवायचे, सॅनिटायझरने दाण्याचा अंश जात नाही. तेलाचं असं आहे की कारखान्यात पूर्ण रिफाइन केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिनं जवळपास उरत नाहीत, पण घाण्याचं तेल, जे हल्ली सगळे आरोग्यासाठी म्हणून आणतात, त्यात राहतात, तुमच्या घरी घाण्याचं असेल तर बदला. कुटाच्या जागी भाजून कुस्करलेलं सुकं खोबरं बऱ्याच भाज्यांना चालतं. तीळ मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, तिळाचीही ॲलर्जी असते, आणि अजून एक, आपल्याकडे २०२० च्या लेबलिंगच्या नियमांत शेंगदाणा, सुकामेवा, दूध, अंडी, सोया, मासे, कोळंबी-खेकडा आणि गहू वगैरे ग्लुटेनवाली धान्यं वेगळी जाहीर करणं बंधनकारक केलंय पण तीळ त्या यादीत नाही, म्हणजे तिळासाठी घटकांची पूर्ण यादी वाचावी लागते. आणि पाकीट दर वेळी वाचा, नेहमीचं असलं तरी.

इमर्जन्सीचं नीट वाचा. औषध एकच, ॲड्रेनालिनचं इंजेक्शन. अंगावर नुसत्या चार गांधी उठल्या आणि बाकी मूल खेळतंय तर ॲलर्जीची गोळी-सिरप ठीक. पण गांधींबरोबर उलटी, खोकला, घरघर, आवाज बसणं, मूल एकदम मलूल होणं ह्यातलं काहीही असेल तर सिरप देऊन वाट बघायची नाही. बरीच घरं इथेच चुकतात, 'पित्त उठलंय' म्हणतात, आमसुलाचं पाणी लावतात, अर्धा तास जातो. आपल्याकडे परदेशासारखं तयार पेन सहज मिळत नाही, म्हणून डॉक्टर अँप्युल, म्हणजे औषधाची छोटी काचेची कुपी, आणि छोटी सिरिंज देतात. डोस वजनाच्या दर किलोला ०.०१ मिलिग्राम, म्हणजे १४ किलोला ०.१४, आणि एका मिलिलिटरमध्ये एक मिलिग्राम असलेल्या अँप्युलमधून ते ०.१४ मिलिलिटर होतं. पण हे माझ्या लिहिण्यावरून करू नका, तुमच्या डॉक्टरांकडून कागदावर 'किती रेघेपर्यंत' हे लिहून घ्या, सिरिंजवर रेघ मारून घ्या, त्यांच्यासमोर पाण्याने चार वेळा भरून बघा. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, स्नायूत. देऊन झालं की मुलाला आडवं ठेवा, श्वास लागत असेल तर टेकून बसवा, पण उभं करू नका, चालवू नका, आणि १०८ लावा किंवा निघा. बरं वाटलं तरी हॉस्पिटलला जायचंच, काही तासांनी दुसरी लाट येऊ शकते. इंजेक्शनची बॅग घरात एक आणि मुलाबरोबर एक, आणि एक्सपायरीची तारीख कॅलेंडरवर.

आता ताटाकडे. काय द्यायचं, कधी, कुठे बसून, हे तुम्ही ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, हे त्याने. दिवसात तीन जेवणं आणि दोन मधली खाणी, मध्ये फक्त पाणी. आत्ता तो मुरमुरे आणि बिस्किटं दिवसभर येता-जाता खात असणार, त्याने भूक मरते. वीस-पंचवीस मिनिटं, सगळ्यांबरोबर, मोबाईल बंद. पहिला आठवडा कठीण जाईल, तो कमी खाईल, तुमचा जीव खालीवर होईल. प्रत्येक ताटात त्याच्या आठातला एक तरी पदार्थ असलाच पाहिजे म्हणजे तो उपाशी उठणार नाही. आणि त्याच्या शेजारी, छोट्या वेगळ्या वाटीत, नवीन काहीतरी एक चमचाभर. 'खा' म्हणायचं नाही, 'चाखून तरी बघ' नाही, खाल्लं तर टाळ्याही नाहीत. काही मुलांना एक पदार्थ दहा-पंधरा वेळा समोर यावा लागतो, अशा मुलांना त्याहून जास्त. वास घेतला, बोट लावलं, ओठाला लावून परत ठेवलं, ही सगळी प्रगतीच आहे.

नवीन पदार्थ निवडताना त्याच्या आवडीपासून एक पाऊलच लांब जायचं. एक मुलगा होता पाच वर्षांचा, पोळी खायचा पण फक्त मधली, आणि आई म्हणायची मूड असेल तसा खातो. मी शेजारी बसून बघितलं तर तो पोळीवरचे तपकिरी डाग टाळत होता, बोटाने डागाभोवती गोल फाडून तो तुकडा ताटाच्या कडेला ठेवत होता, मन लावून. त्याला करपट चव आणि तो टणकपणा नको होता. मग आईने आठवडाभर मंद आचेवर जवळजवळ पांढरी पोळी केली, तो पूर्ण खायला लागला, मग दोन डाग, मग चार, मग तीच पोळी गुंडाळून आत गूळ, मग गुळाबरोबर किसलेलं खोबरं. चार महिने लागले खोबऱ्यापर्यंत. तुमच्याकडेही तो पोळी नक्की कशी खातो ते दोन दिवस नुसतं बघा. काचऱ्या आवडतात तर रताळ्याच्या तशाच पातळ काचऱ्या, मुगाचं वरण आवडतं तर त्यात आधी चमचाभर मसूर, त्याला सांगून.

सांगून हा शब्द मुद्दाम लिहिलाय. लपवून घालायचं नाही. पोळीत पालक वाटून घातला आणि त्याला कळलं तर तो पोळीही सोडेल, आणि मग आठाचे सात होतील. शिवाय ॲलर्जी असलेल्या मुलाने आईने दिलेल्या ताटावर डोळे मिटून विश्वास ठेवायला हवा, तो विश्वास पालकाच्या भाजीसाठी खर्च करू नका.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासायला सांगा. लोह कमी असलं की भूक मंदावते, न खाल्ल्याने ते अजून कमी होतं, हे चक्र मी रोज बघते, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या आकड्यांत महाराष्ट्रात पाच वर्षांखालची जवळपास ६९ टक्के मुलं ॲनिमिक होती. व्हिटॅमिन डी बघा. शी कडक होते का हेही सांगा, बद्धकोष्ठ असलेल्या मुलाला भूक कुठून लागणार. आणि घास गालात धरणं, खूप वेळ चावणं, प्रत्येक घासाला पाणी पिणं, हे वारंवार असेल तर ते आवर्जून सांगा, अन्ननलिकेला ॲलर्जीमुळे सूज येण्याचा एक आजार आहे त्यात मुलं असंच करतात आणि घरी सगळ्यांना तो हट्ट वाटतो.

दूध बंद असेपर्यंत कॅल्शियमसाठी नाचणी सगळ्यात सोपी, शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रामच्या आसपास, त्याच्या वयाला दिवसाला ५५० लागतं. म्हणजे नाचणीवर एकट्याने भागणार नाही, औषधाच्या रूपात किती द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. नाचणीचा रंग त्याला खटकेल, म्हणून पोळीत मिसळू नका, छोटं कुरकुरीत धिरडं वेगळं करा, गुळाबरोबर. बदामाचं किंवा नारळाचं दूध गाईच्या दुधाची जागा घेत नाही, त्यात प्रथिनं फार कमी.

सासूबाईंबद्दल तुम्ही थोडं रागानेच लिहिलंय, समजू शकते. पण मला ह्या आज्यांबद्दल फार माया आहे, त्यांनी भरवून भरवून मुलं वाढवलीत आणि आता त्यांना सांगितलं जातं की तुमचं चुकतंय. त्यांना जेवण्यातून बाहेर काढू नका, काम बदला. इंजेक्शन भरायची प्रॅक्टिस त्यांच्याकडूनही करून घ्या, दिवसभर घरी त्याच असतात. पाकिटं वाचायचं काम त्यांना द्या. आणि त्याच्याबरोबर एका वेळी जेवायला बसवा, त्यांचं स्वतःचं ताट घेऊन. भरवणारा हात स्वतःच्या जेवणात असला की मूल आपोआप सुटतं.

शाळेत ह्याच आठवड्यात जा. डबा फक्त घरचा, डब्यांची देवाणघेवाण नाही, वाढदिवसाला वाटलेलं आणि प्रसाद घरी आणायचा, त्याच्या बदल्यात बाईंकडे तुम्ही भरून ठेवलेल्या डबीतलं काहीतरी त्याला लगेच मिळेल असं ठरवा म्हणजे त्याला वगळल्यासारखं वाटणार नाही. एका कागदावर फोटो, 'शेंगदाणा', लक्षणं, काय करायचं, दोन फोन नंबर. वर्गशिक्षिकेबरोबर मावशींनाही भेटा, डबे उघडून देतात त्या मावशी. संक्रांतीच्या आठवड्यात तिळगूळ आणि चिक्की वर्गात येणारच, तेव्हा आदल्या दिवशी परत एकदा फोन करा. आणि ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे जाऊन आलात की त्यांनी काय सुरू करायला सांगितलं ते लिहा, मग पहिला पदार्थ कोणता आणि कसा आणायचा ते आपण त्याच्या आठ पदार्थांवरून ठरवू.